तार आवळायचा हिवाळा

जयपूरचा हिवाळा लोकांना फार आवडतो. मला नाही. दिवाळीनंतर हवा बदलली की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना उधाण येतं. आता ऊन कसं छान वाटतं, आता गच्चीवर बसून मुळा घातलेले पराठे खावेत, आता गजक आली. गजक म्हणजे तीळ आणि गूळ कुटून लाटलेली कुरकुरीत पट्टी. थंडीत ती इथे घरोघरी असते आणि प्रत्येकाला ती दुसऱ्याच्या तोंडात घालायची असते. परवा केमिस्ट्रीच्या मॅडमनी डबा पुढे केला. ''लीजिए ना, एकदम ताज़ा है.'' मी नको म्हटलं. ''शुगर है क्या आपको?'' शुगर नाही मला. गजक बघितली की माझा जबडा ठणकतो, एवढंच. पण तसं सांगितलं तर त्या लगेच एखाद्या चांगल्या डेंटिस्टचं नाव सुचवतील, आणि दातांच्या डॉक्टरांशी माझं जे काही झालंय ते एका जन्माला पुरे आहे.

कॉलेज सीतापुऱ्यात आहे. सकाळच्या बसची खिडकी कधी नीट बंद होत नाही. गार वारा थेट तोंडावर येतो आणि माझी जीभ आपोआप खालच्या दातांच्या मागे जाते. तिथे अजूनही एक बारीक तार चिकटवलेली आहे. दात पुन्हा जागेवरून हलू नयेत म्हणून. 'हमेशा के लिए' असं डॉक्टर म्हणाले होते, जणू काही बक्षीस देत होते. उन्हाळ्यात ती आहे हेही मला आठवत नाही. थंडी पडली की ती गार पडते, आणि मी पुन्हा नववीत जाऊन बसते.

बाबा तेव्हा फौजेत नायब सुभेदार होते. त्यांचं पोस्टिंग सरहद्दीवर होतं, जिथे कुटुंब नेता येत नाही. अशा वेळी घरच्यांना राहायला एखाद्या शहराच्या छावणीत क्वार्टर मिळतं. आम्हाला जयपूर मिळालं. आम्ही साताऱ्याकडचे. आईला इथलं पाणी आवडेना, भाजी आवडेना, भाकरीचं पीठ मिळेना. आजूबाजूच्या सगळ्या क्वार्टर्समध्ये अशाच नवरे दूर असलेल्या बायका. त्या सगळ्यांची एक रीत होती. नवरा येईपर्यंत काहीतरी मोठं काम हातावेगळं करून ठेवायचं आणि तो आला की दाखवायचं. समोरच्या पंजाबी काकूंनी त्या वर्षी स्कूटर शिकून घेतली. वरच्या गढवाली भाभींनी बी.ए.चा फॉर्म भरला. माझ्या आईने माझे दात काढले. काढले म्हणजे हाती घेतले, पण काढलेही, ते पुढे येईलच.

माझा वरचा डावा सुळा दोन दातांच्या डोक्यावर चढून बसला होता. हसले की सगळ्यांच्या आधी तो बाहेर. हुबेहूब असाच, त्याच बाजूचा, बाबांना होता. बाबा घरात हसायचे ते मान मागे टाकून, घशापर्यंत दिसेल असे, आणि तो दात एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा पुढे यायचा. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्या दाताला बोट लावायचे आणि ते खोटंखोटं चावायचे. मला माझा दात कुरूप आहे हे माहीतच नव्हतं. ते मला आईने सांगितलं. ''नाक माझं आलं नाही, रंग माझा आला नाही. घ्यायचं काय बापाकडून, तर हा दात.'' हे ती मला म्हणायची, बाबांना नव्हे. बाबा समोर नव्हतेच. कुणावर तरी चिडायला हवं होतं, आणि जे चिडण्याजोगं होतं ते पार बर्फात बसलं होतं. मग राहिलं कोण? मी आणि माझं तोंड.

डॉक्टरांचा दवाखाना राजा पार्कात होता, कपड्यांच्या दुकानांच्या वर. जिन्यातच छोले-भटुऱ्यांचा वास यायचा आणि वर गेलं की लवंगेच्या तेलाचा. आजही या दोन वासांचं मिश्रण कुठे आलं तर मी रस्ता बदलते. आई पंजाबी काकूंच्या मागे बसायची, मी दोघींच्या मध्ये, आणि अशा तिघी एका स्कूटरवर थंडीतून जायचो. वारा तोंडात शिरून तारेला गार करायचा आणि ती तार गाल आतून जाळायची. तोंड मिटून घे म्हणून आई ओरडायची. दातांवर लोखंडाचे तुकडे बसवल्यावर ओठ मिटत नाहीत, हे तिला कोण सांगणार?

खालच्या दातांना आधी तार बसवली होती. दर महिन्याला ती आवळायला जायचं. लोकांना वाटतं तार आवळणं म्हणजे स्क्रू पिळल्यासारखं काहीतरी असतं. तसं नसतं. प्रत्येक दातावर एक चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो, त्याच्या खाचेतून तार जाते, आणि ती निसटू नये म्हणून वर बारीकशी रबराची कडी. डॉक्टर अणकुचीदार आकड्याने एकेक कडी उपटतात. जुनी तार ओढून काढतात, ती हिरड्यांवरून खरवडत येते. मग नवी, आधीपेक्षा जाड तार खाचांमध्ये दाबून बसवतात. तार सरळ असते आणि दात वाकडे असतात. आता दोघांपैकी एकाने हरायचं असतं, आणि हरायचं कुणी हे आधीच ठरलेलं असतं. शेवटी टोकं कापतात. कापलेला तुकडा कधी जिभेवर पडतो, आणि तो गिळू नये म्हणून तुम्ही श्वास धरून पडून राहता, कारण हात वर केला तर डॉक्टर रागावतात.

डॉक्टर वाईट होते असं कुणीच म्हणणार नाही. सगळे त्यांना फार हसतमुख म्हणायचे. मला ते अजिबात आवडायचे नाहीत. माझ्या तोंडात दोन्ही हात घालून ते मदतनीस ताईंशी आपल्या नव्या घराच्या फरशीविषयी बोलायचे. संगमरवर घ्यावा की टाइल्स, यावर माझ्या खालच्या ओठाला टेकून चर्चा व्हायची. मध्येच मला विचारायचे, ''बेटा, पढ़ाई कैसी चल रही है?'' आता तोंडात आरसा, आकडा आणि दोन बोटं असलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं? मी घशातून आवाज काढायचे. ''वेरी गुड,'' ते म्हणायचे. दुखेल का विचारलं तर, ''दर्द नहीं, बस थोड़ा-सा प्रेशर.'' हे वाक्य ज्याने कुणी शोधलं त्याला एकदा त्या खुर्चीत बसवायला हवं.

आणि खरंच, खुर्चीत फार दुखायचं नाही. हीच त्यातली लबाडी. दुखायला लागायचं संध्याकाळी, डॉक्टर घरी चहा पीत असतील तेव्हा. दात सगळे जणू हिरड्यांत उभे राहून हलायला लागायचे. केळंसुद्धा चावता यायचं नाही. आई गुरगुट्या भात करायची, वर तूप घालायची, आणि समोर बसून म्हणायची, ''थोडे दिवस काढ. बाबा येतील तेव्हा ओळखणार नाहीत तुला.'' ती हे लाडाने म्हणायची, पण मला त्या वाक्याची धडकी भरायची. मला बाबांनी ओळखायला हवं होतं. त्यात काय गैर होतं?

कारण खालची ओळ नुसती सुरुवात होती. डॉक्टरांनी आईला सगळं समजावून सांगितलं होतं. वर जागा नाही. जागा करायला वरचे दोन चांगले दात काढावे लागतील, एक उजवीकडचा, एक डावीकडचा. मग तार बसवून सुळा खाली ओढायचा आणि ओळीत उभा करायचा. हे फेब्रुवारीत. बाबा सुट्टीवर येणार होते जानेवारीच्या शेवटी. मी मनात पक्कं ठरवलं, बाबांना सांगायचं. बाबा एकदा नाही म्हणाले की आई गप्प बसते. माझा सुळा राहील, वर तार लागणार नाही, आणि आम्ही दोघं पहिल्यासारखेच हसू. सगळा हिवाळा मी या एका गोष्टीवर काढला.

फोनवर सांगता यायचं नाही. बाबांचा फोन रविवारी यायचा, खरखरता. आई रिसीव्हरला कान लावून शेजारी उभी. ''दात काय म्हणतायत, मने?'' बाबा विचारायचे. आई माझ्याकडे बघायची. ''बरे आहेत,'' मी म्हणायचे. ''शाब्बास,'' असं म्हणून ते तिकडच्या बर्फाविषयी काहीतरी सांगायचे आणि लाइन तुटायची.

मधेच संक्रांत आली. जयपूरची संक्रांत म्हणजे सकाळपासून सगळं शहर गच्चीवर. पतंग, भोंगे, 'वो काटा'च्या आरोळ्या. आदल्याच दिवशी माझी तार आवळली होती. सगळी मुलं गच्चीवर गजक आणि तिळाचे लाडू कडाकडा फोडत होती आणि मी कोपऱ्यात गालाला मफलर बांधून बसले होते. आईने तिळगुळाच्या मऊ वड्या केल्या होत्या, क्वार्टर्सभर वाटल्या, आणि सगळ्यांना हिंदीतून समजावत होती की हे खाऊन गोड बोलायचं असतं. माझ्याही हातावर एक वडी ठेवली. ''गोड बोल,'' म्हणाली. मी ती वडी गच्चीवरून खाली टाकली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. मला त्याचं काही वाटलं नाही. दातांपेक्षा पाठ बरी.

हल्ली माझ्या वर्गातल्या मुली हौसेने तारा लावून घेतात. रबराच्या कड्या दर महिन्याला नव्या रंगाच्या, ओढणीला साजेशा. फोनसमोर दात काढून फोटो काढतात. एकीने मला दाखवलं, ''मॅम, इस बार पर्पल.'' मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? तिला हवे आहेत ना सरळ दात, मग घे बाई. माझा राग सरळ दातांवर नाही. कुणी न विचारता तुमचा चेहरा हातात घेतं आणि आपण मात्र 'थँक यू' म्हणायचं, राग त्याचा आहे. तो मुरत नाही. दर थंडीत ताजा होतो.

तर बाबा आले. ओठ फाटलेले, नाक काळवंडलेलं, हिरवी ट्रंक आणि खांद्यावर बिस्तरा. आईने मला पुढे ढकललं. ''दाखव की.'' मी तोंड उघडलं. बाबांनी वाकून खालची ओळ बघितली. ''वा, परेडला उभे आहेत सगळे,'' म्हणाले आणि मान मागे टाकून हसले. तो दात होता जागेवर. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच रडले, आणि आईला वाटलं मी बाबांना बघून रडतेय.

दुसऱ्या दिवशी आई भाजीला गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते पायऱ्यांवर उन्हात बूट पॉलिश करत होते. मी सांगितलं की मला वरचे दात काढायचे नाहीत, मला सुळा असाच हवाय. का हवाय ते सांगितलं नाही. चौदाव्या वर्षी असलं काही बापाला सांगता येतं का? बाबांनी ब्रश खाली ठेवला. गालाच्या आत त्यांची जीभ त्या दातापर्यंत गेलेली मला बाहेरून दिसली. ''बघू,'' म्हणाले. ''उद्या मी येतो डॉक्टरकडे. जरा दम धर.'' बाबांचं 'बघू' म्हणजे 'हो', असा माझा आजवरचा अनुभव होता.

दवाखान्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डॉक्टरांना त्यांनी 'सर' म्हटलं. ते मला तेव्हाच खटकलं. मी खुर्चीत पडले, दिवा तोंडावर आला, डॉक्टरांची दोन बोटं तोंडात शिरली. ते बाबांना माझा सुळा दाखवायला लागले. इथे ही अडचण, इथे ही जागा नाही. बाबा वाकून बघत होते आणि काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टर थांबले. हातातल्या आरशाने बाबांच्या तोंडाकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

''अच्छा! तो डिफ़ेक्ट यहाँ से आया है. गलती पापा की, भुगत रही है बिटिया.''

मदतनीस ताई हसल्या. डॉक्टर हसले. त्यांच्या दृष्टीने तो साधा विनोद होता, दिवसातून चारदा करत असतील. बाबाही हसले. पण कसे? ओठ मिटून. आणि उजवा हात वर आला आणि त्यांनी तोंडावर धरला. इतक्या सराईतपणे, की मला कळलं, हा हात आज पहिल्यांदा वर आलेला नाही. घराबाहेर तो नेहमीच वर येत असणार. ट्रंकेत त्यांच्या पलटणीचे फोटो होते, त्या एकाही फोटोत त्यांचा दात दिसत नाही. मी ते फोटो कितीदा पाहिले होते, आणि मला वाटायचं फौजेत फोटोला हसत नसतात.

मी डॉक्टरांचं बोट चावलं. हलकंसं नव्हे. हातमोज्यासकट, खालच्या लोखंडी ओळीने आणि वरच्या सुळ्याने, जेवढी ताकद होती तेवढी लावून. डॉक्टर किंचाळले. आरसा फरशीवर पडला. आणि बाबा माझ्यावर ओरडले. ''ये क्या बदतमीज़ी है? माफ़ी माँगो सर से.'' बाबा माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा हिंदीत बोलले, जवानांशी बोलतात तसे. मी माफी मागितली नाही. तोंड घट्ट मिटून घेतलं, तारा असूनही मिटलं. मग बाबांनीच माझ्या वतीने मागितली, दोनदा, आणि म्हणाले, ''आप अपना काम कीजिए सर. जो निकालना है, निकाल दीजिए.''

संपलं. सगळ्या हिवाळ्याचं 'बघू' एका वाक्यात संपलं. त्याच आठवड्यात माझे दोन धडधाकट दात निघाले. ते कागदात गुंडाळून मला दिले, आठवण म्हणून. मी ते जिन्यातल्या कुंडीत टाकले. बाबांना काय वाटलं असेल हे मी तेव्हा विचारात घेतलं नाही, मला काय वाटत होतं तेच मला पुरत होतं. ज्याच्यासाठी चावले त्यानेच मला दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. बाबांची सुट्टी संपली तेव्हा मी स्टेशनवर गेले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

मग वर तार आली. दर महिन्याला सुळा थोडा थोडा खाली यायला लागला. आरशात बघायचं मी सोडून दिलं, पण जिभेला कळायचं. जिथे अडखळायची सवय होती तिथे आता काही अडखळेना. आई फार खूश होती. क्वार्टर्समधल्या बायकांना माझी हनुवटी धरून दाखवायची. डॉक्टर आता माझ्या तोंडात बोटं घालताना जपून घालायचे आणि फरशीविषयी बोलायचे नाहीत. तेवढा एक फायदा मी मिळवला होता.

पुढची सुट्टी मे महिन्यात होती. जयपूर तव्यासारखं तापलं होतं. बाबा दुपारी आले. मी अजून फुरंगटलेलीच होते, दारात गेले नाही. ते आत आले, ट्रंक ठेवली, टोपी काढली, आणि माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. ''मने, हे बघ.'' त्यांनी तोंड उघडलं. सुळा नव्हता. तिकडच्या फौजी दवाखान्यात जाऊन त्यांनी तो काढून घेतला होता. ज्यांच्यावर तो चढला होता ते दोन दात एकमेकांना चिकटलेलेच होते, त्यामुळे खिंडारही पडलं नव्हतं. नुसती एक सरळ, साधी ओळ, कुणाच्याही तोंडात असते तशी.

''आता तुला कुणी काही म्हणणार नाही,'' बाबा म्हणाले. ''त्या दिवशी तुला माझ्यापायी ऐकून घ्यावं लागलं.''

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने बघितलं आणि तांब्या टेबलावर आपटला. ''कुणाला विचारून काढलात?'' ती म्हणाली. ''सांगा ना, कुणाला विचारलंत? मी कधी म्हटलं होतं तुम्हाला?'' तिचा आवाज इतका चढला की पंजाबी काकू त्यांच्या दारात आल्या. बाबा गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. ''अगं, पोरीला माझा दात नको होता ना,'' ते म्हणाले. तेव्हा मी ओरडले, ''मला हवा होता. म्हणून तर चावले मी त्या डॉक्टरला.''

बाबांना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते हसले. काकू दारात उभ्या होत्या, तरी हात वर गेला नाही. मान मागे टाकून, सगळे सरळ दात दाखवून हसले, आणि तेव्हापासून कुणाहीसमोर ते असेच हसतात. सगळे म्हणतात सुभेदार साहेब हसले की किती छान दिसतात. दिसतात ते छान. मला ते हसू तेव्हा आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही.